पाणी म्हणून नापास

घोटसाहेबांच्या घरी वाइनची बाटली आली ती लाकडी खोक्यातून, भुशात नीट निजवलेली. सोबत होणाऱ्या व्याह्यांचं पत्र होतं. दोन्हींत जड होतं ते पत्र.

पत्राचा मजकूर असा होता की, आम्ही उभयतांनी यंदा प्रथमच आमच्या मळ्यातल्या दोन जातींच्या द्राक्षांची लाल वाइन केली आहे. एक जात जाड सालीची, एक पातळ सालीची. दोन्हींचं मिश्रण तीन लाकडी पिंपांत भरून ठेवलं आहे. वय महिने आठ. तिच्यावरून घरात दोन मतं झाली आहेत. एक मत म्हणतं की पिंपं ठेवावीत. दुसरं म्हणतं की येत्या शनिवारी व्हिनेगरच्या कारखान्याची गाडी येते आहे, तिच्यात तिन्ही रिती करून मोकळं व्हावं. आपण चवीतले अधिकारी. आपला लेखी निकाल येईल तो दोघांनाही मान्य, असं आम्ही मुलांसमक्ष कबूल केलं आहे. तरी खरं तेच कळवावं, नात्याचा विचार करू नये.

‘नात्याचा विचार करू नये’ हे वाक्य माणूस नात्याचा पुरेपूर विचार करूनच लिहितो, हे न कळण्याइतके घोटसाहेब भोळे नव्हते. मुलीचं लग्न दोन महिन्यांवर होतं आणि तिच्या सासरची तीन पिंपं आता त्यांच्या जिभेच्या टोकावर येऊन उभी होती.

दोष म्हणाल तर थोडा त्यांचाच. मुलांचं ठरलं त्या दिवशी दोन्हीकडची मंडळी समोरासमोर बसली होती आणि हवापाण्याचे विषय संपल्यावर जी शांतता पसरते ती पसरली होती. ती मोडायला म्हणून घोटसाहेब म्हणाले होते की, चवीचं म्हणाल तर मी तेहतीस वर्षं चवीवरच काढली. हे अक्षरशः खरं होतं. पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत आलेल्या प्रत्येक नमुन्याचा एक घोट घ्यायचा, तोंडात घोळवायचा, थुंकायचा आणि तक्ता भरायचा, हे त्यांचं काम. नावही त्यातूनच पडलेलं. आता पाण्याच्या बाबतीत उत्तम चव म्हणजे चवच नसणं. रंग : नाही, वास : नाही, चव : नाही, असं तीनदा ‘नाही’ लिहिता आलं की घोटसाहेब समाधानाने सही करत. तेहतीस वर्षांत त्यांनी एखाद्या नमुन्याची याहून जास्त स्तुती केल्याचं कुणाला आठवत नाही. स्वयंपाकाच्या बाबतीतही हेच धोरण असल्यामुळे त्यांच्या पत्नीलाही आठवत नाही.

पण साहेबांना स्वतःबद्दल तिळमात्र शंका नव्हती. जीभ ती जीभ, द्रव तो द्रव. त्यांनी खात्याच्या शिस्तीने तयारी केली. बाटली रात्रभर फ्रीजमध्ये ठेवली, कारण नमुना थंडच तपासायचा असतो. सकाळी उठून दात घासले, चूळ भरली, चहासुद्धा घेतला नाही, कारण तोंड कोरं पाहिजे. आणि सकाळी सात वाजता, उपाशीपोटी, खिडकीशी उभं राहून पहिला घोट घेतला.

तोंडाला जी मिठी बसली ती सुटेना. जीभ टाळूला, ओठ दातांना आणि गाल हिरड्यांना असे बिलगले, जणू वर्षानुवर्षं भेट न झालेले भाऊबंद असावेत. साहेब बेसिनपाशी गेले, थुंकले, परत आले आणि खुर्चीत बसले. पत्नीने विचारलं, ‘कशी आहे?’ त्यांनी हात वर करून थांबायची खूण केली. ती पोळ्या करून आली तरी हात वरच होता.

‘तुरट,’ ते अखेर म्हणाले.

‘एवढं सांगायला वीस मिनिटं?’

‘तोंड आत्ता उघडलं.’

आता असा विषय बंद दाराआड ठेवावा. पण घोटसाहेबांनी बाटली हातात धरून जिन्यात दुसरं मत घेतलं आणि जिन्यात घेतलेलं मत एकटं कधीच राहत नाही. खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी बोटभर वाइन चाखली आणि सांगितलं की हे टॅनिन. द्राक्षाच्या सालीत आणि बियांत असतं. चहा फार उकळला की जो तुरटपणा येतो, तोच हा. मग त्यांनी साहेबांना आ करायला लावून जिन्यातल्या उजेडात तपासलं आणि डावीकडची खालची दाढ काढायला झाल्याचं कळवलं. वाइनचा त्या दाढेशी काही संबंध नव्हता, पण तोंड उघडंच आहे म्हटल्यावर डॉक्टरांना राहवलं नाही.

वरच्या मजल्यावरचे कप्तान दुसरा पेला मागून घेऊनच बोलले. हे जहाजावर कोठारपाल होते. पण कोठारपाल म्हणून हाक मारली की ओ देत नसत. त्यांचं म्हणणं पडलं की ही वाइन मेलेली आहे, समुद्रावर त्यांनी अशा कितीतरी पाहिल्यात, हिच्यात साखर घाला. डॉक्टर म्हणाले, साखर कदापि नको, दात जातील. कप्तान म्हणाले, प्यायचीच कुणाला आहे, नुसती घालून बघा. यावर दोघांचं असं वाजलं की दोघांनीही आपापले दरवाजे आपटले, आणि घोटसाहेब जिन्यात अर्धी बाटली घेऊन एकटे उरले.

त्यांनी शांतपणे परिस्थितीचा आढावा घेतला. वाइन वाईट होती. ठेवावी म्हणणारं मत उघडच व्याह्यांचं असणार. पुरुषमाणूस पहिल्यांदा काही करतो तेव्हा ते टाकून द्यायला तयार होत नसतो, हे त्यांनी स्वतःवरून ताडलं. व्हिनेगरवालं मत विहीणबाईंचं. तेव्हा खरं लिहिलं तर व्याही दुखावणार. खोटं लिहिणं साहेबांच्या रक्तात नव्हतं. एकदा मंत्र्यांच्या बंगल्यातल्या पाण्याला त्यांनी ‘चव : बेडकाची’ असं लिहिलं होतं आणि बदली पत्करली होती.

अशा पेचात खात्यात मुरलेल्या माणसाला जे सुचतं तेच त्यांना सुचलं. मत माणसाचं असतं, अहवाल खात्याचा. मताबद्दल माणसावर रागावता येतं. अहवालावर रागवायला कुणी सापडत नाही. तेव्हा उरलेली अर्धी बाटली प्रयोगशाळेत द्यायची, रीतसर अहवाल घ्यायचा, आणि तो शांतपणे वाचून त्याच्या आडून चार गोड ओळी लिहायच्या. बेत पक्का होता. पत्नीने एवढंच विचारलं की पाण्याच्या लोकांना वाइनमधलं काय कळतं. हा प्रश्न साहेबांना इतका लागला की ते छत्री विसरून बाहेर पडले.

प्रयोगशाळेत आता धाकटे साहेब बसत होते. हे एके काळी घोटसाहेबांच्या हाताखाली बाटल्या धूत. त्यांनी उठून खुर्ची दिली, चहा मागवला, आणि मग अत्यंत आदराने नमुना घ्यायला नकार दिला. तक्त्यात ‘स्रोत’ असा रकाना होता आणि त्यापुढे विहीर, नळ, टाकी, नदी एवढेच पर्याय. पिंप नव्हतं.

घोटसाहेबांनी ‘इतर’वर खूण करायला सुचवलं. धाकटे साहेब म्हणाले, इतरला मुख्य कचेरीची परवानगी लागते, सहा आठवडे जातात. हा नियम कोणत्या शहाण्याने केला, असं घोटसाहेबांनी विचारलं. धाकट्या साहेबांनी फाइल काढून सही दाखवली. सही सुवाच्य होती आणि घोटसाहेबांचीच होती.

‘टाकी लिहू का?’ धाकट्या साहेबांनी मार्ग काढला.

‘टाकीला क्षेत्रफळाचा दाखला लागतो,’ घोटसाहेबांनी स्वतःच आठवण करून दिली. त्याही नियमाचा त्यांना अभिमान होता.

शेवटी ‘विहीर’वर खूण झाली. विहिरीच्या मालकाचं नाव आणि पूर्ण पत्ता घोटसाहेबांनी स्वतःच्या हाताने, वळणदार अक्षरात भरला. अपुरा भरलेला तक्ता त्यांना बघवत नसे.

अहवाल दुसऱ्या दिवशी तयार झाला. रंग : गडद लाल. विहिरीत गंजलेली वस्तू पडली असण्याचा संभव. वास : आंबूस. चव : तीव्र तुरट. मालकाने तुरटी प्रमाणाबाहेर टाकल्याचे दिसते. गढूळपणा : मर्यादेच्या सतरापट. निष्कर्ष : पिण्यास अयोग्य. स्रोत तातडीने रिकामा करावा. तोपर्यंत दहा मिनिटे उकळून, गाळून प्यावे.

घोटसाहेबांनी वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला. भाषा जरा कडक होती, पण ती आपल्यापुरतीच आहे या समाधानात ते उठले. धाकटे साहेब त्यांना दारापर्यंत पोचवायला आले आणि सहज म्हणाले की मालकाची प्रत सकाळीच रवाना केली.

‘कुठली प्रत?’

‘अयोग्य निघाला की मालकाला चोवीस तासांत नोटीस. तुमचाच नियम, साहेब. फार चांगला नियम आहे.’

खात्याच्या इतिहासात वेळेवर पोचलेलं टपाल विरळाच. पण त्या विरळांत हे होतं. शुक्रवारी सकाळी व्याह्यांचा फोन आला. ते म्हणाले, अहवाल मिळाला, फारच सुरेख, उद्या दोघंही जेवायला या. फोन ठेवताना ते हसत होते.

‘सुरेख म्हणाले?’ पत्नीने विचारलं.

‘हसलेसुद्धा.’

‘मग लग्न मोडलं,’ ती म्हणाली आणि प्रवासासाठी पिशवी भरायला लागली. वाटेत तिने पुढच्या सगळ्या गोष्टी ठरवून टाकल्या. पोरीला काय सांगायचं, कुणी सांगायचं, आणि कुणी त्या वेळी तोंड बंद ठेवायचं. घोटसाहेब खिडकीबाहेर बघत होते. त्यांना अजूनही वाटत होतं की अहवाल बिनचूक आहे.

व्याह्यांनी फाटकापर्यंत येऊन त्यांना मिठी मारली. हे निवृत्त मुख्याध्यापक. एरवी हस्तांदोलनालाही दोन बोटंच पुढे करणारे. आज त्यांनी साहेबांचा हात सोडला नाही, आणि ओढतच पिंपांच्या खोलीशी नेलं. दारावर चार टाचण्यांनी नोटीस लावलेली होती. ‘पिण्यास अयोग्य’च्या खाली लाल पेन्सिलीने दुहेरी रेघ होती. मुख्याध्यापकांची सवय. व्हरांड्यात टेबल टेनिसचं नवं कोरं टेबल भिंतीला टेकून उभं होतं. खोली रिकामी झाली की ते आत जाणार होतं. व्याह्यांनी रॅकेटसुद्धा आणून ठेवल्या होत्या.

तेव्हा कुठे घोटसाहेबांच्या डोक्यात उजेड पडला. व्हिनेगरवालं मत व्याह्यांचं होतं. वाइन ठेवावी म्हणणारं मत विहीणबाईंचं होतं. आणि दोन जातींचं ते मिश्रणही त्यांनीच केलं होतं. हिवाळाभर स्वयंपाकघराच्या ओट्यावर बरण्या मांडून, एकेक चमचा कमीजास्त करत, एकेचाळीस वेळा. व्याह्यांनी हे सगळं मोठ्या कौतुकाने सांगितलं. हरलेल्या पक्षाचं कौतुक करायला काही लागत नाही. वर म्हणाले की आपण कायदा मानणारे, म्हणून नोटिशीप्रमाणे एक पातेलं दहा मिनिटं उकळूनही पाहिलं, पण घरभर असा वास सुटला की मांजर तेव्हापासून आलेलं नाही.

फाटकाबाहेर व्हिनेगरच्या कारखान्याची गाडी उभी होती. तिचा मालक, गोल चेहऱ्याचा, घाई नसलेला माणूस, व्हरांड्यात चहा पीत बसला होता. नोटीस त्याने दोनदा वाचली होती आणि त्याला ती आवडली होती.

 विहीणबाईंनी पाहुण्यांना पाणी दिलं. घोटसाहेबांनी सवयीने एक घोट घोळवला आणि ‘उत्तम’ म्हणून गेले. तेहतीस वर्षांतली पहिली जाहीर स्तुती त्यांनी नेमकी त्या घरात पाण्याची केली. त्यांच्या पत्नीने डोळे मिटून घेतले.

‘एक विचारू?’ विहीणबाई म्हणाल्या. ‘तुम्ही ती प्यायलात कशी?’

घोटसाहेबांनी सांगितलं. फ्रीजमधून काढून. दात घासून. उपाशीपोटी. सकाळी सातला.

‘बरोबर काय खाल्लंत?’

‘काही नाही. नियम आहे.’

विहीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. पहिलीच्या वर्गात चड्डी उलटी घालून आलेल्या मुलाकडे चांगली शिक्षिका जसं बघते, तसं. मग म्हणाल्या, ‘जेवायला बसा.’

टेबलावर मंद आचेवर शिजलेलं मटण होतं, ताजा पाव होता, आणि रुंद तोंडाच्या काचेच्या भांड्यात सकाळपासून ओतून ठेवलेली वाइन होती. थंड नव्हती. घोटसाहेबांनी प्रथम मटण खाल्लं, कारण भूक लागली होती. मग पेला उचलला. तोंडाची तयारी म्हणून त्यांनी डोळे घट्ट मिटले. टेबलाभोवतीचे तिघे जण त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

तुरटपणा आला. तोच होता, ओळखीचा. पण त्या दिवशी सकाळी तो रिकाम्या तोंडात येऊन भिंतींवर डोकं आपटत होता. आज त्याला काम मिळालं होतं. मटणाची चरबी जिभेवरून पुसून काढून तो निमूट बाजूला झाला आणि त्याच्या मागे जे उभं होतं ते पुढे आलं. पिकलेला आलुबुखार. पेन्सिल तासताना येतो तो लाकडाचा वास. आणि शेवटी कितीतरी वेळ जिभेवर रेंगाळणारं काहीतरी, ज्याला साहेबांकडे शब्दच नव्हता, कारण त्यांच्या सगळ्या शब्दसंपत्तीत एकच शब्द होता आणि तो ‘नाही’ हा होता.

त्यांनी आणखी एक घोट घेतला. थुंकायला भांडं शोधलं नाही.

मग मात्र घोटसाहेबांमधला खरा कारागीर जागा झाला. पाण्याच्या नमुन्यांत खोडी दोन प्रकारच्या असतात. एक, पाणी उघडं ठेवलं की उडून जाणारी. दुसरी, चार दिवस ठेवलं तरी हटून बसणारी. पहिलीला वेळ द्यायचा, दुसरीला फाशी. ही परीक्षा त्यांच्याइतकी खात्यात कुणालाच साधत नसे. त्यांनी विहीणबाईंकडे त्याच वाइनची नवी बाटली मागितली, समोर उघडून घेतली. एक घोट तिचा, एक घास, एक घोट सकाळपासून उघड्या भांड्यातला. पुन्हा. पुन्हा. त्यांच्या पत्नीने टेबलाखालून पाय मारला. त्यांना कळलंही नाही.

‘ही सकाळी किती वाजता ओतली?’

‘आठला,’ विहीणबाई म्हणाल्या.

‘पाच तासांत तुरटपणा इतका खाली आला?’ ते स्वतःशीच म्हणाले. ‘म्हणजे खोड नाहीये. वय आहे.’

व्हिनेगरवाल्याने व्हरांड्यातून घसा साफ केला. आता निघालं पाहिजे, असं त्याचं म्हणणं होतं, नळी लावायला वेळ लागतो. व्याही उठले. विहीणबाई उठल्या नाहीत. त्यांनी पावाचा एक तुकडा घेतला आणि त्याचे बारीक बारीक तुकडे करत राहिल्या.

घोटसाहेब उठले आणि खोलीच्या दारात, नोटिशीला पाठ लावून उभे राहिले. आता इथे अन्य कुणी असता तर म्हणाला असता की माफ करा, माझी चूक झाली. घोटसाहेबांनी ते वाक्य मनातल्या मनात म्हणून पाहिलं. ते त्यांच्या तोंडात बसेना.

‘अहवाल शंभर टक्के बरोबर आहे,’ ते ठणकावून म्हणाले. ‘पाणी म्हणून ही नापासच. हिला मी पुन्हा तपासलं तरी नापास करीन. वाइन म्हणून हिला आजवर तपासलंय कुणी?’

व्हिनेगरवाला म्हणाला की साहेब, सरकारी कागद आहे, त्यात स्रोत रिकामा करा असं लिहिलंय.

‘कशाचा स्रोत लिहिलाय?’

तो साहेबांच्या बाजूने वाकून वाचू लागला. ‘विहीर.’

‘मग जा आणि विहीर उपसा. येताना मळ्याच्या टोकाला दिसली. या तीन पिंपांबद्दल त्यात एक अक्षर नाही.’

व्हिनेगरवाल्याने व्याह्यांकडे पाहिलं. व्याह्यांनी टेबल टेनिसच्या टेबलाकडे पाहिलं. आयुष्यभर नियमांवर शाळा चालवलेल्या माणसाला नियमाने असं पकडलं की तो धड रागावूही शकत नाही. ते एवढंच म्हणाले की निकाल लेखी मानायचं ठरलं होतं.

‘लेखी देतो,’ म्हणत घोटसाहेबांनी व्याह्यांच्याच खिशातली लाल पेन्सिल काढून घेतली आणि नोटिशीच्या कोऱ्या समासात उभ्याउभ्याच लिहिलं : तरुण आहे. तापट आहे. हाडं चांगली आहेत. ठेवावी. खाली सही केली. सुवाच्य.

विहीणबाईंनी तिथे येऊन ते वाचलं. इतका वेळ हातात धरून ठेवलेला पावाचा चुरा त्यांनी पदराला पुसला.

‘किती वर्षं ठेवायची?’ व्याह्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

‘दोन,’ घोटसाहेब म्हणाले.

‘तीन,’ विहीणबाई म्हणाल्या.

‘माझा अंदाज सहसा चुकत नाही, विहीणबाई. दोन.’

विहीणबाईंनी वाद घातला नाही. त्या आत गेल्या, तिसऱ्या पिंपाचं बूच काढून पेलाभर वाइन काढली आणि त्यांच्यापुढे धरली. ‘यात जाड सालीचं थोडं जास्त आहे,’ त्या म्हणाल्या. ‘एकेचाळिसावी खेप. घ्या.’

घोटसाहेबांनी तज्ज्ञाच्या ऐटीत भरपूर मोठा घोट घेतला.

सगळे वाट बघत होते. व्हिनेगरवाल्याची नळी हातात तशीच होती. साहेबांचे ओठ आत गेले, गाल आत गेले, डोळ्यांत पाणी आलं. बोलायचा त्यांनी दोनदा प्रयत्न केला. मग भिंतीला एक हात टेकून, उरलीसुरली सगळी प्रतिष्ठा एकवटून, त्यांनी दुसरा हात वर केला आणि तीन बोटं दाखवली.

व्हिनेगरवाला मुकाट्याने नळी गुंडाळायला लागला.